कणगींतली राख आणि नॅनो-औषधें



आपल्या वर्धा जिल्ह्यांतील बहुतेक घरीं तूर, मूग, उडीद, चणा वर्षाच्या बेगमीसाठीं भरून ठेवण्याची एक ठरलेली रीत आहे. धान्य प्रथम कडक उन्हांत वाळवावयाचें, मग चुलींतली राख वस्त्रगाळ करून त्यास चोळावयाची, मधून मधून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावयाचा, आणि कणगीचें तोंड शेणामातीनें लिंपून टाकावयाचें. आतां कणग्या जाऊन पत्र्याच्या कोठ्या आल्या, चुली जाऊन गॅस आला, त्यामुळें राख मिळणेंहि कठीण झालें आहे. तरी ज्या घरीं आजी आहे त्या घरीं ही रीत अजून सर्वस्वी मोडलेली नाहीं. गेल्या वर्षीं आठव्या इयत्तेंतील एका मुलानें मला वर्गांत विचारलें, "सर, राखेनें किडे मरतात हें खरें, कीं हा नुसता समज?" प्रश्न वरवर साधा दिसला, परंतु त्याचें उत्तर देतां देतां मला एका अगदीं नव्या शास्त्रापर्यंत जावें लागलें, आणि तास संपला तरी उत्तर संपलें नाहीं. म्हणून तें येथें विस्तारानें लिहीत आहें.

राखेनें किडे मरतात, हें खरें आहे. मात्र ते राख खाऊन मरत नाहींत. कीटकाच्या शरीराभोंवतीं कवच असतें व त्या कवचावर मेणासारख्या पदार्थाचा अत्यंत पातळ लेप असतो. तांदळांतील सोंडा किंवा मुगांतील भुंगेरा जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा. एवढ्याशा देहांत पाणी तें किती, आणि कोरड्या धान्याच्या राशींत त्याला प्यावयास पाणी कोठून मिळणार? अंगांतील ओलावा उडून जाऊं न देणें यावरच त्याचें जीवित अवलंबून असतें, आणि हें काम तो मेणाचा लेप करतो. ती त्याची पखालच म्हणा ना. राखेचे बारीक, खरबरीत कण सांध्यासांध्यांत शिरून या लेपावर ओरखडे काढतात, कांहीं कण तें मेण टिपून घेतात. पखालीस भोंक पडतें आणि किडा सुकून मरतो. निरुपद्रवी दिसणाऱ्या धुळीनें कीटक कां मरावेत याचा उलगडा विगल्सवर्थ या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १९४४ च्या सुमारास केला. धान्य आधीं कडकडीत वाळविण्याचें व कणगी लिंपण्याचें मर्महि यांतच आहे. हवा दमट असली, धान्य ओलसर असलें, म्हणजे किड्यास गमावलेलें पाणी परत मिळतें आणि राख फुकट जाते.

परंतु राख वस्त्रगाळच कां हवी? खडीसाखरेचा खडा दुधांत टाकला तर तो विरघळावयास बराच वेळ लागतो. तेवढ्याच वजनाची पिठीसाखर पाहतां पाहतां नाहींशी होते. साखर तीच, वजन तेंच; वाढलें तें फक्त दुधास लागणारें अंग. हें गणितानें पाहूं. १ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा खडूचा ठोकळा घ्या. त्याला सहा बाजू, म्हणून त्याचें पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १ मिलिमीटरचे ठोकळे पाडले तर ते १००० होतील, व सर्वांचें मिळून पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर भरेल. असें बारीक करीत करीत प्रत्येक ठोकळ्याची बाजू १० नॅनोमीटरवर आणली, तर त्याच खडूचें पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे होतें! माझ्या सांगण्यावर विश्वास न ठेवतां वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. 'नॅनो' हा शब्द ग्रीक भाषेंतील 'बुटका' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपल्या डोक्याचा केस सुमारें ८० हजार नॅनोमीटर जाड असतो; यावरून काय तो अंदाज करावा. साधारणपणें १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस नॅनोकण म्हणतात. पदार्थ इतका बारीक झाला म्हणजे त्याचे गुणहि पालटतात. पाण्यांत तरंगणारे सोन्याचे नॅनोकण पिवळे न दिसतां माणकासारखे तांबडे दिसतात.

कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनीं हीच गोष्ट तांदळांतील सोंड्यावर करून पाहिली. त्यांनीं सिलिका, म्हणजे वाळूचें मूलद्रव्य ज्यांत आहे तो पदार्थ, नॅनोकणांच्या रूपानें धान्यांत मिसळली. साध्या सिलिकेपेक्षां ती कितीतरी अधिक प्रभावी ठरली, असें त्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलें. येथेंहि विषप्रयोग नव्हता. मेण टिपलें जाऊन किडे सुकत होते. भाताच्या तुसाच्या राखेंत सिलिका विपुल असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे आजीची चाळणी व कोलकात्याची प्रयोगशाळा एकाच वाटेवर किती अंतरानें उभ्या आहेत तें कळून येईल. आमच्या पूर्वजांस नॅनोशास्त्र अवगत होतें, असें मात्र यावरून कोणी म्हणूं नये. त्यांस अनुभव होता. कारण ठाऊक नव्हतें. कारण ठाऊक झालें म्हणजे तीच युक्ति दुसरीकडे नेतां येते, एवढा त्यांत फरक आहे.

येथवर गोष्ट कोठारांतील धान्याची झाली. शेतांतील उभ्या पिकाची गोष्ट याहून पुष्कळ कठीण आहे, आणि तिच्यांत माणसांचे जीव गुंतलेले आहेत. आपल्या जिल्ह्याचा प्राण कापसांत. हिंगणघाटचें नांव तर एके काळीं कापसाच्या एका जातीसच पडलें होतें. या कापसाची मोठी वैरीण म्हणजे गुलाबी बोंडअळी. हिला शेंदरी बोंडअळी असेंहि म्हणतात. भडोचकडील कापसावर सांपडलेल्या नमुन्यांवरून साँडर्स याने १८४३ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें. म्हणजे ही कांहीं नवी पाहुणी नव्हे. तिचा पतंग रात्रीं पात्यांवर, फुलांवर व कोंवळ्या बोंडांवर अंडीं घालतो. अळी फुलांत शिरली म्हणजे पाकळ्या जाळ्यानें बांधून टाकते. अशा न उमललेल्या फुलास शेतकरी 'डोमकळी' म्हणतात. बोंडांत शिरली म्हणजे तिच्या मागें भोंक बुजून जातें. आंत ती निवांतपणें सरकी खाते, आणि बाहेरून बोंड हिरवेंगार दिसत राहतें. फुटतें तेव्हां हातीं येते ती कवडी.

हिच्या व तिच्या बहिणींच्या बंदोबस्तासाठीं २००२ सालीं आपल्या देशांत बीटी कापूस आला. मातींतील एका जिवाणूचा कीडनाशक गुण या कापसाच्या झाडांतच उतरविलेला होता. २००६ सालीं त्याची दुहेरी आवृत्ति आली. प्रथम कांहीं वर्षें फवारे खरोखरच कमी झाले. परंतु सर्वत्र तेंच एक औषध, तेंहि झाडाच्या प्रत्येक पानाबोंडांत, असें झालें म्हणजे त्यास पुरून उरणाऱ्या किडींचीच संतति वाढत जाते. गुजराथेंत पहिल्या प्रकारास न जुमानणारी गुलाबी अळी सांपडल्याचें २०१० सालीं जाहीर झालें. पुढें कांहीं वर्षांतच दुहेरी प्रकारहि तिनें पचविला. २०१७ सालीं विदर्भभर कापसाच्या बोंडांत अळ्या निघाल्या, आणि फवाऱ्यांचे दिवस परत आले.

त्याच वर्षीं पावसाळ्यांत, आपल्या वर्धा नदीच्या पलीकडील यवतमाळ जिल्ह्यांत, कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखीं पडले. शेंकडों दवाखान्यांत दाखल झाले. त्या वर्षीं पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती, त्यामुळें फवारा वरून खालीं न पडतां माणसाच्या तोंडावर येत होता. दोन-दोन, तीन-तीन औषधें एकत्र कालविलेलीं. हातमोजे नाहींत, नाकावर फडकें नाहीं. अंग घामानें भिजलेलें, आणि पंप असे कीं त्यांतून धुक्यासारखा बारीक तुषार निघावा. ओल्या कातडींतून विष शरीरांत जातें, ही गोष्ट कित्येकांस कोणीं सांगितलेलीच नव्हती. श्रावण-भाद्रपदांत आपल्याहि वर्गांतील दोन-चार बाकें रिकामीं असतात. विचारलें तर उत्तर मिळतें, "सर, तो फवाऱ्याचें पाणी भरावयास गेला आहे." त्या रिकाम्या बाकांकडे पाहून हा लेख मुलांबरोबर त्यांच्या पालकांसाठींहि लिहावा, असें मनांत आलें.

आतां विचार करा. पंपांतून निघालेल्या विषापैकीं किडीच्या अंगावर पडतें तें किती? बरेंचसें मातींत जातें, कांहीं वाऱ्यावर उडतें, कांहीं पावसानें धुऊन नाल्यांत जातें, आणि कांहीं फवारणाऱ्याच्या अंगावर पडतें. बोंडांत दडलेल्या अळीपर्यंत तर जवळजवळ कांहींच पोंचत नाहीं. म्हणजे मुख्य अडचण विष सौम्य पडतें ही नसून, तें जावें तेथें जात नाहीं व राहावें तितकें राहत नाहीं, ही आहे. नॅनो-औषधांचा सर्व भरंवसा या एका मुद्द्यावर आहे: थोडकें औषध, नेमक्या ठिकाणीं, हळूहळू सुटेल असें ठेवावयाचें.

याचें सर्वांत चांगलें उदाहरण आपल्या अंगणांतच आहे. १९६२ सालीं दिल्लीवर टोळधाड आली तेव्हां तेथील भारतीय कृषि संशोधन संस्थेंतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उभ्या पिकावर निंबोळ्यांच्या गराचें पाणी शिंपडून पाहिलें. टोळ पिकावर बसले, पण त्यांनीं तें खाल्लें नाहीं. निंबोळींतील जें द्रव्य हें काम करतें त्याला ॲझाडिरॅक्टिन म्हणतात. तें १९६८ सालीं वेगळें काढण्यांत आलें, त्याची नेमकी रचना १९८५ सालीं समजली, आणि प्रयोगशाळेंत तें तयार करावयास रसायनशास्त्रज्ञांना २००७ साल उजाडलें. इतकी त्याची घडण गुंतागुंतीची आहे. कडुनिंब मात्र दर ज्येष्ठ-आषाढांत तें अंगणांत सांडून ठेवतो, आणि आपण तें झाडून टाकतों! हें द्रव्य किडीस झटकन मारीत नाहीं. तें तिची भूक घालवितें, आणि कात टाकण्याच्या वेळीं तिचा घोंटाळा करून टाकतें. म्हणून संध्याकाळीं फवारून सकाळीं मेलेल्या अळ्या शोधणारा शेतकरी निराश होतो व 'निंबोळी कांहीं कामाची नाहीं' असें म्हणून दुकानाकडे वळतो.

त्याची तक्रार अगदींच खोटी नाहीं. ॲझाडिरॅक्टिनास सूर्यप्रकाश सोसत नाहीं; थोड्याच दिवसांत तें निकामी होतें. मातींत व पाण्यांत विष सांचून राहत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पिकावर टिकत नाहीं, हा तितकाच मोठा दोष. दोन्ही एकाच स्वभावाचीं फळें आहेत. येथें नॅनोशास्त्र मदतीस येऊं पाहतें. कडुनिंबाचें तेल पाण्यांत अत्यंत बारीक थेंबांच्या रूपानें मिसळावयाचें, किंवा त्या द्रव्याच्या सूक्ष्म कणाभोंवतीं एखाद्या निर्धोक पदार्थाचें वेष्टण करावयाचें. कोळंबीच्या कवचापासून निघणारें कायटोसान हा असाच एक पदार्थ आहे. दवाखान्यांतील कॅप्सूल ज्याप्रमाणें पोटांत गेल्यावर विरघळते, त्याप्रमाणें हें वेष्टण हळूहळू झिजतें, आंतील औषध उन्हापासून सांभाळलें जातें व अनेक दिवस थोडें थोडें बाहेर पडतें. अशीं औषधें अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळेंत व प्रयोगाच्या शेतांत आहेत. तोंवर साधा निंबोळी अर्क आहेच. ५ किलो निंबोळीची भुकटी ९ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी. दुसऱ्या भांड्यांत १ लिटर पाण्यांत २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. सकाळीं अर्क फडक्यानें गाळून त्यांत साबणाचें पाणी घालावें व एकूण १०० लिटर करावें. हा झाला पांच टक्के अर्क. तो त्याच दिवशीं, ऊन उतरल्यावर फवारावा. ऊन उतरल्यावर कां, हें आतां सांगावयास नको.

दुसरा मार्ग मारण्याचा नसून फसविण्याचा आहे. कित्येक कीटकांची मादी एक विशिष्ट गंध सोडते व नर त्या गंधावर येतो. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचा असा गंध १९७३ सालीं ओळखला गेला, आणि आज आपल्या शेतांत कामगंध सापळे दिसतात ते त्याचेंच फळ. मात्र गंध उन्हांत लवकर उडून जातो, व सापळ्यांतील गोळी वरचेवर बदलावी लागते. बेंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं फळमाशीच्या नरास भुलविणारा एक गंध नॅनो आकाराच्या तंतूंच्या जाळ्यांत धरून ठेवला; तो मुरंब्यासारखा घट्ट झाला व हळूहळू सुटूं लागला. पेरूच्या बागेंत त्याचा चांगला उपयोग झाल्याचें त्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. यांत फळावर औषधाचा एक थेंबहि पडत नाहीं. आर्वी-कारंजाकडील संत्र्याच्या बागाईतदारांनीं लक्ष ठेवावें असा हा प्रकार आहे, कारण त्या फळमाशीस संत्रेंहि वर्ज्य नाहीं.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, नॅनो म्हणजे निर्धोक व निर्मळ. तसें मुळींच नाहीं, आणि या भागांत मी जरा रेंगाळणार आहें.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत एक सुंदर प्रयोग झाला. कडुनिंबाच्या पानांचा काढा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत घातला. द्रावणाचा रंग पालटला, आणि त्यांत चांदीचे नॅनोकण तयार झाले. हा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. घातक रसायनें न वापरतां पानांच्या काढ्यानें कण करण्याच्या या पद्धतीस 'हरित' पद्धति म्हणतात. पुढें तुळशीपासून निलगिरीपर्यंत अनेक पाल्यांवर असे प्रयोग झाले, व तयार झालेले कण डांसांच्या व बोंडअळ्यांच्या अळीअवस्थेवर वापरून पाहण्यांत आले. शेजारच्या अमरावती विद्यापीठांत महेंद्र राय यांनीं या विषयाचा दीर्घ अभ्यास केला. किडींच्या बंदोबस्तासाठीं नॅनोशास्त्राचा काय उपयोग होईल याचा आढावा त्यांनीं व अविनाश इंगळे यांनीं २०१२ सालीं घेतला. काम महत्त्वाचें आहे. परंतु 'हरित' या शब्दाचा घोंटाळा आपण होऊं देतां कामा नये. करण्याची पद्धति हरित आहे. झालेली वस्तु चांदीच राहते. चांदीचे कण सूक्ष्म जीवांस मारतात, म्हणूनच तर जखमेच्या पट्ट्यांत त्यांचा उपयोग करतात. तेच कण शेतांतून ओढ्यांत गेले तर पाण्यांतील जीवांस, व मातींत राहिले तर पिकाचें पोषण करणाऱ्या जिवाणूंस ते ओळखून सोडून देतील काय? कडुनिंबाच्या काठीनें मारलें म्हणून मार कांहीं गोड होत नाहीं.

दुसरी गोष्ट परदेशची आहे. तींतील कण नॅनोकणांहून पुष्कळ मोठे होते, तरी ती येथें फार उपयोगी पडते. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत मिथाइल पॅराथिऑन नांवाच्या जालीम विषाचे बारीक कोश करून 'पेनकॅप-एम' हें औषध विकावयास आलें. हेतु चांगला होता: विष कोशांत बंद राहिल्यामुळें तें फवारणाऱ्यास कमी बाधावें, आणि पिकावर अधिक दिवस टिकावें. दोन्ही गोष्टी साधल्या. पण त्या कोशांचा आकार फुलांतील परागकणाएवढा निघाला! मधमाश्यांनीं ते परागाबरोबर गोळा केले, पायांवरून पोळ्यांत नेले, आणि पराग सांठवावा तसे सांठवून ठेवले. पोळींच्या पोळीं मेलीं. औषध करणाऱ्यांनीं माणसाचा विचार केला होता, किडीचा केला होता. माशीचा केला नव्हता. आपल्याकडे तूर फुलते, जवस फुलते, संत्र्याला बहार येतो, तेव्हां शेतांत माश्यांचा गुंजारव असतो. नवें औषध येथें आणणाऱ्यानें हा प्रसंग दृष्टीआड करूं नये.

तिसरी गोष्ट श्वासाची. सोंड्यास मारणारी नॅनो-सिलिका कोरडी भुकटी असते, आणि इतकी बारीक धूळ फुप्फुसांत खोलवर जाते. धान्य पाखडणारी बाई ती दररोज ओढीत राहिली तर काय होईल, हें आधीं तपासलें पाहिजे. मग कोठारांत घातली पाहिजे. ज्या बारीकपणामुळें औषध किडीपर्यंत पोंचतें, तोच बारीकपणा त्याला इतरत्रहि पोंचवितो.

भारत सरकारनें २०२० सालीं शेतींतील व अन्नांतील नॅनो-पदार्थांची परीक्षा कशी करावी याचे नियम प्रसिद्ध केले आहेत, हें योग्यच झालें. बाटलीवरचें नांव वाचण्याची संवय मात्र आपणांसच लावून घेतली पाहिजे. दुकानांत 'नॅनो' लिहिलेली एक बाटली २०२१ पासून मिळूं लागली. ती नॅनो युरियाची, म्हणजे खताची आहे, कीडनाशकाची नव्हे. तिच्या उपयुक्ततेविषयींहि शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. कीडनाशकाच्या डब्यावर एक उभा चौकोन असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागास रंग दिलेला असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याहून कमी, निळा आणखी कमी, व हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे विष नाहीं, असें नव्हे. ज्या घरीं आई-वडिलांस अक्षरओळख थोडी आहे, त्या घरीं हा रंग पाहून व लेबलावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम सहावींतील मुलगीहि करूं शकेल.

हीं औषधें उद्यां बाजारांत आलीं तर तीं करणार कोण, हाहि प्रश्न वर्ध्यांत तरी विचारला गेला पाहिजे. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो येथेंच, मगनवाडीची त्याची कचेरी, आणि जे. सी. कुमारप्पा यांनीं तेथें बसून एखादें यंत्र वा धंदा चांगला कीं वाईट हें ठरवितांना गांवाच्या हातीं काय राहतें, हें प्रथम पाहिलें. निंबोळी गांवची, मजुरी गांवची, पण अर्क परगांवच्या बाटलींतून दसपट मोलानें परत यावयाचा, असें झालें तर आपल्या पदरांत काय पडलें? निंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या एका पद्धतीवर परकीय कंपनीस १९९४ सालीं युरोपांत मिळालेला हक्क आपल्या लोकांनीं झगडून २००० सालीं रद्द करविला, व तो निकाल २००५ सालीं कायम झाला. हें उदाहरण फार जुनें नाहीं. माझें मत विचाराल तर, निंबोळीचें टिकाऊ औषध गांवच्या गिरणीशेजारीं करतां येईल इतकें सोपें झालें, तरच तें आपलें म्हणतां येईल. तें होईल कीं नाहीं, हें तुमच्यापैकीं जे पुढें रसायनशास्त्र शिकतील त्यांवर बरेंच अवलंबून आहे.

नवें औषध येईपर्यंत गुलाबी अळी थांबणार नाहीं. यासाठीं पालकांस ठाऊक असलेल्या, पण टाळल्या जाणाऱ्या तीन गोष्टी येथें लिहितों. पहिली, फरदड घेऊं नये. डिसेंबर-जानेवारींत कापूस संपवून पऱ्हाट्या शेताबाहेर काढाव्या, म्हणजे अळीस पुढील हंगामापर्यंत थारा राहत नाहीं. घराशेजारीं सरपणासाठीं रचलेल्या पऱ्हाट्यांत ती सुखानें उन्हाळा काढते, हें विसरूं नये. दुसरी, एकरीं दोन कामगंध सापळे लावून रोज सकाळीं पतंग मोजावेत. लागोपाठ तीन रात्रीं प्रत्येक सापळ्यांत आठ किंवा अधिक पतंग सांपडले, तरच उपायाची वेळ आली असें समजावें. पतंग मोजण्याचें काम मुलांनीं अंगावर घ्यावें. त्यांत विषाचा संबंध नाहीं. तिसरी, डोमकळ्या दिसतील तेव्हांच तोडून अळीसह नष्ट कराव्या.

आणि ज्या मुलानें राखेचा प्रश्न विचारला होता त्याच्यासाठीं, व त्याच्यासारख्या इतरांसाठीं, एक प्रयोग. चार सारख्या बरण्या घ्या. प्रत्येकींत शंभर ग्रॅम वाळलेले मूग व दहा जिवंत भुंगेरे घाला. पहिली तशीच ठेवा. दुसरींत दोन चमचे न चाळलेली राख मिसळा, तिसरींत तितकीच वस्त्रगाळ राख. राख गाळतांना नाकाला फडकें बांधावें. चौथींतहि वस्त्रगाळ राखच घाला, पण मुगांस आधीं हातानें पाण्याचा शिंतोडा द्या. बरण्यांचीं तोंडें पातळ कापडानें बांधून त्या सावलींत ठेवा. मेलेले भुंगेरे रोज मोजा. सहा आठवड्यांनीं प्रत्येक बरणींतले शंभर दाणे मोजून घ्या, त्यांत भोंक पडलेले किती तें तारखेसह वहींत लिहा, आणि ती वही प्रथम आजीस दाखवा.